उपेक्षा नावाचा चांगला शब्द

आमच्या वरूडात 'उपेक्षा' हा शब्द बहुतेक वेळा पेपरातच भेटतो. विदर्भाची उपेक्षा, संत्रा उत्पादकांची उपेक्षा, सिंचनाची उपेक्षा. १९८४ मध्ये दांडेकर समितीचा अहवाल आल्यावर तर 'अनुशेष' आणि 'उपेक्षा' ही जोडी इथल्या भाषणांत नवरा-बायकोसारखी एकत्र फिरायला लागली. त्यामुळे पीएचडीच्या वाचनात मला हाच शब्द माणसाच्या मनाची सगळ्यात वरची, सगळ्यात अवघड अवस्था म्हणून भेटला, तेव्हा आधी वाटलं की छपाईची चूक असेल.

चूक नव्हती. पालीत 'उपेक्खा', संस्कृतात 'उपेक्षा'. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांचं ध्यान बौद्ध परंपरेत 'ब्रह्मविहार' म्हणून शिकवलं जातं. पतंजलीच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात हेच चौघे याच क्रमाने येतात. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद आणि पाप्याविषयी उपेक्षा ठेवली की चित्त प्रसन्न होतं, असं तिथे सांगितलंय. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रातही चार भावना आहेत, पण चौथीचं नाव 'माध्यस्थ्य'. आमच्याकडून मुक्तागिरी काही लांब नाही, तिथे जाणाऱ्या जैन यात्रेकरूंना हा शब्द ओळखीचा असेल. मला तर वाटतं, शब्द निवडण्यात त्यांनीच जास्त शहाणपणा दाखवला. मराठीत 'माध्यस्थ्य' ठेवा म्हटलं तर कुणी चिडणार नाही. 'उपेक्षा' करा म्हटलं तर मोर्चा निघेल.

माझा विषय आहे ध्यान ही गोष्ट प्रयोगशाळेत कशी पोचली त्याचा इतिहास. एमएस्सी प्राणिशास्त्रात केलं, त्यामुळे मेंदूच्या चित्रांची भीती वाटत नाही. पाली मात्र नव्याने शिकावी लागली. ही पोस्ट त्या प्रबंधाच्या एका कोपऱ्याबद्दल आहे. दुसऱ्याचं दुःख पाहून कळवळणं आणि स्वतःचं मन शांत ठेवणं या दोन गोष्टी एका माणसाला जमतात का? आणि या प्रश्नावर मराठीत, तेही आपल्या आसपास, कुणी आधी डोकं चालवलंय का?

प्रश्न पुस्तकी नाही. तालुक्यातल्या एका आशाताईंशी बोलताना त्या सहज म्हणाल्या, "लोकायचं दुखनं माह्या मांगं-मांगं घरी येते वं. त्याले दाराबाहेर कसं ठेवू?" आशाताई म्हणजे लसीकरण आणि बाळंतपणं, एवढंच आपण धरून चालतो. पण २०१५ मध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात घरोघरी जाऊन कोण खचलंय, कोण गप्प गप्प राहतंय हे पाहण्याचं काम आशांकडेच आलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा एक कार्यक्रम झाला होता. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून नैराश्य असलेल्यांना मदत पोचवायची, अशी त्याची रचना. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुणाकडे तरी गेलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. आकडा मोठाच आहे. मी तो वाचते तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसते. पूर्वी जे दुःख घराच्या आत राहत होतं, ते आता कुणाच्या तरी कानावर पडतंय. तो कान कुणाचा? आणि तो कान घरी गेल्यावर झोपतो का?

अशा बाईला आपण देतो तो सल्ला ठरलेला असतो. मन घट्ट कर. इतकं मनावर घेऊ नको. म्हणजे थोडक्यात, आपल्याला पेपरात माहीत असलेली उपेक्षा कर.

हा सल्ला बरोबर आहे की नाही, यावर पाचव्या शतकात एक माणूस अतिशय बारकाईने लिहून गेलाय. बुद्धघोष. श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात बसून त्याने 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ पालीत लिहिला. आणि हा ग्रंथ आधुनिक वाचकांपर्यंत आणण्यात सगळ्यात मोठा वाटा असलेल्या माणसांपैकी एक मराठी होता, गोव्यातल्या साखवाळचा. त्याचा शेवट झाला तो आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, वर्धा नदीपलीकडे, सेवाग्रामला. धर्मानंद कोसंबी.

कोसंबींना आज लोक बहुतेक इतिहासकार दामोदर कोसंबींचे वडील म्हणून ओळखतात. हे जरा अन्यायाचंच आहे. १८७६ चा जन्म, शाळा जेमतेम, नारळाची बाग सांभाळायची. मराठीत बुद्धाचं एक चरित्र वाचलं आणि मनाने घेतलं की बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा. १८९९ च्या अखेरीस घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी असं करत संस्कृत शिकले, मग नेपाळ, गया, कलकत्ता आणि तिथून श्रीलंका. तिथे पाली शिकले, भिक्षू झाले. ब्रह्मदेशात जाऊन ध्यान केलं. पुढे सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचं. (आजच्या फेलोशिपच्या अटी वाचल्यावर ही अट मला फार सभ्य वाटते.) फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. हार्वर्डला चार वेळा गेले, ते मुख्यतः याच 'विसुद्धिमग्गा'ची प्रत तयार करायला. त्यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची रोमन लिपीतली आवृत्ती निघाली १९५० मध्ये, ते गेल्यानंतर तीन वर्षांनी.

या पंडिती कामाच्या मधेच, १९२५ मध्ये, त्यांनी एक छोटं मराठी पुस्तक लिहिलं. 'समाधिमार्ग'. विसुद्धिमग्गातले ध्यानाचे विषय साध्या मराठी माणसाला कळावेत म्हणून. विपश्यनेची शिबिरं, इगतपुरी, मोबाईलवरची ध्यानाची ॲप हे सगळं यायला तेव्हा अर्धं शतक किंवा त्याहून जास्त अवकाश होता. मराठीत बौद्ध ध्यानाची रीत नीट सांगणारं पुस्तक तेव्हाच तयार होतं. किती जणांनी वाचलं, हा भाग वेगळा.

आता मूळ मुद्दा. विसुद्धिमग्गाच्या नवव्या प्रकरणात बुद्धघोष प्रत्येक भावनेचे दोन शत्रू सांगतो. एक दूरचा, एक जवळचा. दूरचा शत्रू ओळखायला सोपा असतो, कारण तो उघड उलटा असतो. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरपणा. जवळचा शत्रू मात्र त्या भावनेसारखाच दिसतो, तिच्याच कपड्यांत फिरतो, आणि म्हणून तो जास्त धोक्याचा. करुणेचा जवळचा शत्रू कोणता असेल? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंदाज केला होता की 'कीव' असेल. नाही. बुद्धघोष म्हणतो, शोक. घरादाराला चिकटलेलं, आपलं काहीतरी गेलं म्हणून होणारं दुःख. दुसऱ्याचं दुःख पाहता पाहता ते माझंच होऊन बसलं आणि मी त्यात बुडाले, तर बाहेरून ते करुणेसारखंच दिसतं. डोळ्यांत पाणी तेच, झोप उडणं तेच. पण आता मदत करायला तिथे कुणी उरलेलं नसतं. बुडणाऱ्यांची संख्या एकाने वाढलेली असते, बस.

आणि उपेक्षेचे शत्रू? दूरचे दोन, आसक्ती आणि चीड. जवळचा आहे अज्ञानातून आलेली उपेक्षा. समोर काय चाललंय हे कळलंच नाही, कळून घ्यायचंच नाही, म्हणून जी शांतता असते ती. दगडाची शांतता.

इथे मी पेन खाली ठेवलं होतं. कारण मराठीत आपण 'उपेक्षा' म्हणतो तेव्हा आपल्याला हीच अभिप्रेत असते, जवळच्या शत्रूवाली. मूळ वस्तू हरवली आणि तिच्या तोतयाला तिचं नाव मिळालं. यात मराठीचा एकटीचा दोष नाही. संस्कृतातही या शब्दाला दुर्लक्ष हा अर्थ आहेच. शब्दाच्या पोटात मात्र पाहणं आहे. उप आणि ईक्ष्, जवळून पाहणं. अपेक्षा, परीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण ही सगळी याच ईक्ष् धातूची भावंडं. पाहण्यातून आलेला शब्द न पाहण्यासाठी वापरला जाऊ लागला. असंच आणखी एकाचं झालंय. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचा गुण म्हणून 'उदासीन' येतो. आज कुणाला उदास म्हटलं तर लोक विचारतात, काय झालं, घरी सगळं बरं आहे ना? शांतपणाला दिलेले आपले शब्द एक तर दुर्लक्षाकडे घसरतात नाही तर दुःखाकडे. भाषेचा अभ्यास माझा नाही, त्यामुळे यावर फार मोठा सिद्धांत मांडत नाही. पण एखाद्या समाजाला शांत माणूस एक तर निष्ठुर वाटतो किंवा दुःखी वाटतो, हे थोडं विचार करण्यासारखं आहे.

बुद्धघोषाच्या रीतीत क्रमाला फार किंमत आहे. मैत्रीचं ध्यान सुरू करायचं ते स्वतःपासून. मी सुखी असावं, इथून. मग आदराचं माणूस, मग ना आवडीचं ना नावडीचं माणूस, मग शत्रू, असं करत करत सीमा मोडायच्या. करुणेची सुरुवात मात्र स्वतःपासून नाही. ती अत्यंत हाल सोसणाऱ्या माणसापासून. जे समोर आहे ते आधी पाहायचं, त्याच्यापासून नजर वळवायची नाही. आणि उपेक्षेची सुरुवात त्रयस्थ माणसापासून, तीही आधीच्या तिन्ही भावनांमध्ये ध्यान पक्कं झाल्यावरच. थेट चौथ्या पायरीवर उडी मारायची सोय नाही. म्हणजे ज्याला आधी कळवळलेलं नाही त्याला शांत होण्याचा हक्कच नाही, असं मी त्याचं भाषांतर करते. हे माझं भाषांतर झालं, बुद्धघोषाच्या माथी मारू नका.

त्याने दिलेला दाखला आईचा आहे. एका बाईला चार मुलगे. एक तान्हा, एक आजारी, एक भर तारुण्यात, एक आपल्या कामधंद्याला लागलेला. तान्ह्याने मोठं व्हावं असं तिला वाटतं, आजाऱ्याने बरं व्हावं, तरुणाचं तारुण्य टिकावं. आणि कामाला लागलेल्याची ती काळजी करत बसत नाही. चौथ्याला तिने टाकलेलं नाही. तो आपला आपण चालतोय हे तिला ठाऊक आहे, इतकंच. बोलावलं तर ती येणार आहे. उपेक्षेची इतकी घरगुती व्याख्या मला दुसरीकडे सापडली नाही.

पण आई म्हटलं की कोसंबींच्या घराचा विषय टाळता येत नाही. १८९९ मध्ये ते घर सोडून निघाले तेव्हा मागे बायको बाळाबाई होत्या आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी माणिक. पत्नीने सहा-सात वर्षं नवऱ्याविना काढली. १९२४ च्या 'निवेदन' या आत्मचरित्रात कोसंबी याबद्दल लपवाछपवी करत नाहीत, हे खरं. तरी ज्याने मराठीला उपेक्षेचा चांगला अर्थ समजावला, त्याच्या घरात वाईट अर्थाची उपेक्षा झाली, हेही खरंच. यावर 'मोठ्या कामासाठी छोटा त्याग' म्हणून हात झटकणारे लेख मी वाचलेत. ते मला पटत नाहीत. त्याग कुणी केला? तिकीट त्यांनी काढलं, पैसे बाळाबाईंनी भरले.

गंमत अशी की हा काटा त्या काळातल्या इतरांनाही टोचत होता. सिद्धार्थ रात्री झोपलेल्या बायको-मुलाला सोडून गेला ही कथा कोसंबींनी स्वतःच नाकारली. त्यांनी जुन्या सुत्तांचा आधार घेऊन मांडलं की शाक्य आणि कोलीय यांच्यातलं भांडण, त्यातली शस्त्रं, हे गृहत्यागामागचं कारण असावं. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) मध्ये रोहिणी नदीच्या पाण्याचं हेच भांडण मध्यभागी ठेवलं. त्यांचा सिद्धार्थ घरच्यांशी बोलून, यशोधरेची संमती घेऊन जातो. भूजल इतकं उपसलं गेलेल्या वरूड तालुक्यात पाण्यावरून भावकी कशी फुटते हे वेगळं समजावून सांगायला नको. पण मला इथे दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. दोघांनाही शांततेच्या शोधात निघालेला असा माणूस हवा होता, जो कुणाला झोपेत टाकून जात नाही. आणि बाबासाहेब याच पुस्तकात करुणेवर थांबत नाहीत. करुणा माणसांपुरती, तिच्याही पुढे सगळ्या सजीवांबद्दलची मैत्री हवी, असं ते मांडतात. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्याकडच्या गावागावांत विहार उभे राहिले. तिथे आज म्हाताऱ्या बायासुद्धा पालीतली मेत्ता तोंडपाठ म्हणतात. कोसंबींना जे पुस्तकातून करायचं होतं ते असं वेगळ्याच वाटेने झालं.

कोसंबी स्वतः मात्र गुहेत बसून राहिले नाहीत. 'समाधिमार्ग' लिहिल्यावर पाच वर्षांनी ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार काढला. शेवटी प्रकृती खालावल्यावर ते सेवाग्रामला आले आणि जून १९४७ मध्ये अन्नत्याग करून गेले. त्या शेवटाबद्दल मला काय वाटतं हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही, म्हणून तो इथे फक्त नोंदवते.

आता नदीच्या अलीकडच्या बाजूला येऊ. मोझरी.

तुकडोजी महाराजांवर आमच्या भागात इतकं बोललं जातं की नवीन काय सांगणार, असं मलाही वाटायचं. जन्म १९०९, यावली. लहानपणापासून रानात भटकणं, त्यात आमच्या मोर्शी तालुक्यातलं सालबर्डीही. १९३५ मध्ये सालबर्डीच्या डोंगरात त्यांनी मोठा यज्ञ केला, लाखांनी लोक जमले. त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम. पुढच्या वर्षी गांधींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामला महिनाभर राहिले. १९४२ मध्ये नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात. हे सगळं शाळेच्या भाषणात येतं. ज्याकडे इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी आधी लक्षच दिलं नव्हतं ती गोष्ट म्हणजे त्यांनी लावून दिलेलं वेळापत्रक. पहाटे सामुदायिक ध्यान, दिवे लागणीला सामुदायिक प्रार्थना, आणि मधला सगळा दिवस कामाला. गाव झाडणं, व्यसनं सोडवणं, भांडणं मिटवणं, आजाऱ्याकडे जाणं. 'ग्रामगीता' हे तर या मधल्या दिवसाचंच पुस्तक आहे.

ध्यान म्हटलं की आपल्यासमोर एकटा माणूस येतो, डोळे मिटलेला, पाठीमागे डोंगर. तुकडोजींच्या शब्दांत जोर 'सामुदायिक'वर आहे. कुठल्याही धर्माच्या, जातीच्या माणसाने शेजारी येऊन बसावं ही त्यातली कल्पना. ज्यांच्या दुःखात तुम्ही दिवसभर हात घालणार, तेच सकाळी तुमच्या बाजूला डोळे मिटून बसलेत. मन शांत करण्यासाठी माणसांपासून लांब जायचं नाही, त्यांच्यात बसायचं. आणि बसणं दिवसाच्या दोन्ही टोकांना, म्हणजे काम दोन शांततांच्या मधे धरलेलं. विसुद्धिमग्गातली सूक्ष्म वर्गवारी इथे नाही, आणि मंडळातल्या बाप्पा-बायांना तिची गरजही पडली नाही. पण दिवसभर दुसऱ्यासाठी धावणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुठेतरी टेकायला जागा लागते, हे ज्याने ओळखलं तो कामाचा माणूस होता.

याच अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा या बाबतीत एकदम दुसऱ्या टोकाला. ध्यानाची आसनं नाहीत, हातात खराटा. त्यांच्या एकुलत्या मुलाच्या मृत्यूची बातमी कीर्तन चालू असताना आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, ही गोष्ट वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी ऐकताना मला त्यांचा राग यायचा. केवढा हा कोरडेपणा! आता वाटतं, जवळचा शत्रू आणि खरी वस्तू यांतला फरक बाहेरून दिसतच नाही, तो त्या माणसाच्या उरलेल्या आयुष्यावरून ठरवावा लागतो. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या, त्यांच्या त्या शांतपणाला दगडाची शांतता म्हणवत नाही.

आता प्रयोगशाळा. २००४ मध्ये टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये १६ जोडप्यांवर एक प्रयोग केला, तो 'सायन्स'मध्ये आला. बायको एफएमआरआय यंत्रात. कधी तिच्या हाताला, कधी शेजारी बसलेल्या जोडीदाराच्या हाताला वेदनादायक झटका. झटका जोडीदाराला बसणार असं कळलं तरी तिच्या मेंदूत वेदनेशी जोडलेले काही भाग पेटत होते, ॲन्टिरियर इन्सुला आणि ॲन्टिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स. 'माझ्या मागे-मागे घरी येते' हे वाक्य त्या पेपरच्या पहिल्या पानावर छापलं असतं तरी चाललं असतं.

तीन वर्षांनी सिंगर यांनी मातिय रिकार यांना यंत्रात झोपवलं. रिकार म्हणजे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जनुकशास्त्रात पीएचडी करून नंतर तिबेटी परंपरेत भिक्षू झालेला माणूस. त्यांना सांगितलं, फक्त दुसऱ्याची वेदना अनुभवा, करुणेचं ध्यान करू नका. त्यांनी रोमानियातल्या अनाथाश्रमातल्या मुलांवरचा माहितीपट आठवला. थोड्याच वेळात हजारो तास ध्यान केलेला हा माणूस पार गळून गेला. मग करुणेच्या ध्यानाला परवानगी मिळाली, तशी त्या मुलांची चित्रं तीच राहिली, पण त्यांना जवळ घ्यावं, त्यांच्यासाठी काही करावं ही भावना आली आणि थकवा ओसरला, असं त्यांनी सांगितलं.

एका भिक्षूवरून काही सिद्ध होत नाही. म्हणून ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांनी साध्या लोकांवर प्रशिक्षणाचे प्रयोग केले, २०१३-१४ मध्ये ते छापून आले. आधी सहवेदनेचं प्रशिक्षण. दुःखाच्या चित्रफिती पाहताना नकारात्मक भावना वाढल्या, इन्सुलातली हालचाल वाढली. मग त्याच लोकांना करुणेचं, मुळात मैत्रीभावनेवर आधारलेलं प्रशिक्षण. नकारात्मक भावना पुन्हा खाली आल्या, सकारात्मक वाढल्या, आणि मेंदूत वेगळंच जाळं जागं झालं, आपुलकी आणि समाधानाशी जोडलेलं. चित्रफिती सुसह्य केल्या नव्हत्या. नजर वळवायला सांगितलं नव्हतं. म्हणजे शोक आणि करुणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीतून दुसरीत सरावाने जाता येतं, हे बुद्धघोषाचं म्हणणं निदान इतपत मोजता आलं. भाग घेणारे मोजकेच होते आणि सगळ्या स्त्रिया होत्या, युरोपातल्या. वरूडच्या आशाताईंना हे जसंच्या तसं लागू, असं म्हणायची माझी तयारी नाही.

सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो २०१७ च्या एका पेपरने. सिंगर यांच्याच 'रिसोर्स' प्रकल्पात शेकडो लोकांना नऊ महिने तीन प्रकारचा सराव दिला. एकात श्वासावर आणि शरीरावर लक्ष, दुसऱ्यात करुणा आणि मैत्री, तिसऱ्यात दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करणं. मग त्यांना लोकांसमोर बोलायला लावून ताण दिला. आपल्याला ताण कमी वाटला, हे तिन्ही सरावांनंतर लोकांनी सांगितलं. पण कॉर्टिसोल, म्हणजे शरीरातलं ताणाचं संप्रेरक, फक्त श्वासाच्या सरावाने कमी झालं नाही. ते उरलेल्या दोन सरावांनंतर कमी झालं. आणि त्या दोन्हींत रोज दुसऱ्या माणसासोबत जोडीने बसून बोलायचा, ऐकायचा भाग होता.

हे वाचून लगेच 'बघा, तुकडोजी महाराजांनी हे आधीच सांगितलं होतं' असं म्हणायचा मोह होतो. मी आवरते. गावाने एकत्र डोळे मिटून बसणं आणि जर्मनीत फोनवर ठरवून दहा मिनिटं एकमेकांचं ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण 'एकटीने ध्यान कर, शांत वाटेल' असं आशाताईंना सांगण्याआधी त्यांच्या बाजूला बसणारं कुणी आहे का, हे विचारायला हा पेपर मला भाग पाडतो. आठवड्यातून एकदा दोघी-तिघींनी बसून एकमेकींचं ऐकायचं आणि त्यानंतर मैत्रीभावनेला बसायचं, इतकं साधं काही तालुक्यात करून पाहता येईल का, यावर सध्या मी आणि माझ्या मार्गदर्शक भांडतोय. त्यांचं म्हणणं, इतिहासाच्या प्रबंधात प्रयोग घुसवू नकोस.

त्यांचंही बरोबर असेल. पण प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात मी ज्या जागी अडकलेय ती जागा अशी. या सगळ्या प्रयोगांत मैत्री आहे, करुणा आहे. चौथीला, उपेक्षेला, स्वतंत्र जागा कुठेच दिलेली नाही. करुणा जागी झाली की मेंदूत काय दिसतं ते आता थोडंफार ठाऊक आहे. कामाला लागलेल्या मुलाची काळजी न करणाऱ्या आईच्या मेंदूत नेमकं काय मोजायचं, आणि ते दुर्लक्षापासून वेगळं कसं काढायचं, हे कागदावर मांडायचा मी तीनदा प्रयत्न केलाय. चौथा चालू आहे.